आज दिसणार नाही

वेळासच्या किनाऱ्यावर मार्चमधल्या संध्याकाळी उन्हं कलली की सुरूच्या बनापुढे, जाळीच्या कुंपणाबाहेर माणसे जमायला लागतात. कुंपणाच्या आत वाळूत ओळीने घरटी पुरलेली असतात. प्रत्येकावर एक उपडी टोपली आणि अंडी कधी ठेवली त्याची तारीख सांगणारी पाटी. पुण्या-मुंबईहून रात्रभर गाडी हाकत आलेली कुटुंबे, कॉलेजातली टोळकी, लांबलचक लेन्सा गळ्यात अडकवलेले हौशी लोक, सगळे त्या टोपल्यांकडे डोळे लावून असतात. गावातला कासवमित्र आत जातो, वाकतो, एकेक टोपली उचलून खाली बघतो. कधी टोपलीखाली वाळू हललेली असते आणि तळहातात मावतील अशी काळपट पिल्ले एकमेकांच्या अंगावरून धडपडत असतात. कधी पहिल्या टोपलीपासून शेवटच्या टोपलीपर्यंत नुसती वाळू. मग तो जमलेल्यांकडे वळून सांगतो, आज नाहीत, सकाळी बघू. कुणी कुरकुरते, कुणी ‘थोडं उकरून बघा ना’ म्हणून सुचवते, एखादे पोर भोकाड पसरते. टोपल्या पुन्हा उपड्या ठेवल्या जातात आणि त्या संध्याकाळचा कार्यक्रम तिथेच आटपतो.

निसर्ग पर्यटनाचा नैतिक प्रश्न मला त्या ‘आज नाहीत’मध्ये सापडतो. हे पर्यटन चांगले की वाईट हे ठरवताना आपण सहसा तीन गोष्टी विचारतो. कचरा किती झाला, गावाला पैसा किती मिळाला आणि आलेला माणूस काही शिकून गेला का. या क्षेत्रातल्या आंतरराष्ट्रीय संघटनांच्या व्याख्याही याच तीन खुंट्यांवर टांगलेल्या असतात. प्रश्न रास्तच आहेत. पण एखादे ठिकाण तिन्ही प्रश्नांना पास होऊनही हळूहळू संपत जाऊ शकते. प्लॅस्टिक नाही, घरोघरी पाहुणे, माहितीफलक जागोजाग, आणि तरी दर वर्षी एक रस्ता रुंद होतो, एक दिवा वाढतो, एक गेट जास्त उघडते. याचे कारण, माझ्या मते, एक चौथा प्रश्न विचारायचा राहून जातो. या जागी येणाऱ्याला ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार कोणाच्या हातात आहे, आणि तो वापरला तर चालतो का? उरलेल्या तीन प्रश्नांची उत्तरे पाच-दहा वर्षांनी काय असतील, ते या चौथ्याच्या उत्तरावर ठरते, असे मला वाटते.

याला तत्त्वज्ञानाचा आधार आहे आणि तो जुनाच आहे. माणसाला केवळ साधन म्हणून वापरू नये, हे इमॅन्युएल कांटचे म्हणणे अठराव्या शतकातले. पण साधन कशावरून ओळखायचे? खुर्चीला नकार देता येत नाही. दुकानातल्या फडताळावरच्या डब्याला ‘आज मी विकला जाणार नाही’ असे म्हणता येत नाही. ज्याच्या नकाराची सोयच ठेवलेली नाही, ते साधन. आपल्या भाषेत यजमान आणि दुकानदार यांच्यातला फरकही असाच आहे. दुकानदाराने उघड्या दुकानात गिऱ्हाईक परतवले तर ते विचित्र वाटते. यजमानाने मात्र ‘आज घरात आजारपण आहे, पुन्हा या’ म्हटले तर शहाणा पाहुणा ओट्यावरूनच मागे फिरतो. पर्यटनाचा सगळा व्यवहार यजमानाला दुकानदार करण्याच्या दिशेने चाललेला असतो. ‘घरगुती राहण्याची व जेवणाची सोय’ ही कोकणातल्या प्रत्येक वळणावरची पाटी दोन्ही गोष्टी एकाच दमात सांगते. घर आहे आणि सोयही आहे. त्यातले घर किती उरते, हा खरा मुद्दा.

वेळासमध्ये नकार टिकला, तो का, हे नीट पाहण्यासारखे आहे. चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ या संस्थेची माणसे भाऊ काटदरे यांच्या पुढाकाराने समुद्रगरुडाची पाहणी करत किनारे फिरत होती. २००२ साली त्यांना वेळासला कासवाच्या अंड्यांची टरफले आढळली. तोवर ऑलिव्ह रिडले कासवाची अंडी किनाऱ्यावर उकरली जात, खाल्ली आणि विकली जात. उरलेली कुत्री-कोल्ह्यांची. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत हे कासव आहे, पण कायद्याचा हात मंडणगड तालुक्यातल्या रात्रीच्या वाळूपर्यंत सहसा पोचत नाही. संस्थेने गावातल्याच तरुणांना हाताशी धरले. घरटे सापडले की अंडी हलक्या हाताने काढून कुंपणातल्या खड्ड्यात, मूळ घरट्याइतक्याच खोलीवर पुरायची आणि दीड-दोन महिने राखायची. काही वर्षांत त्याला कासव महोत्सवाची जोड मिळाली आणि घराघरांत पाहुणे उतरू लागले. संयुक्त राष्ट्रांनी निसर्ग पर्यटनाचे आंतरराष्ट्रीय वर्ष साजरे केले तेही २००२च. क्यूबेकमध्ये परिषद भरली, जाहीरनामा निघाला. त्या जाहीरनाम्याची वेळासला खबरही नसेल, आणि त्यावाचून काही अडलेही नाही.

इथे नकार मुळात कासवाकडूनच येतो. अंडी उबायला साधारण पंचेचाळीस ते साठ दिवस लागतात, पण नेमके किती ते वाळूच्या उष्णतेवर ठरते. पिल्लू नर होणार की मादी हेही त्या उष्णतेवरच. तारखेची पाटी असली तरी मुहूर्त कुणालाच सांगता येत नाही. पिल्ले बाहेर आली की त्यांच्या अंगात अंड्यातल्या बलकाची थोडकी शिदोरी असते. त्या बळावर पहिल्या दिवसभरात जीव तोडून पोहत त्यांनी किनाऱ्यापासून लांब जायचे असते. शनिवारची गर्दी येईपर्यंत शुक्रवारची पिल्ले घमेल्यात थोपवून धरली तर प्रत्येक पर्यटकाला कासव दिसेल, फोटो निघतील, घरोघरी आणखी चार ताटे वाढली जातील. पिल्लांची शिदोरी मात्र घमेल्यातच सरेल. हे कुणाला दिसणार नाही, कारण समुद्रात गेलेले पिल्लू परत येऊन तक्रार करत नाही. हजारातले एखादेच वाढून मोठे होते, असा अंदाज आहे. ती एक-दोन आणखी कमी झाली तर हिशेब कोण मागणार? टोपल्या सकाळ-संध्याकाळ ठरल्या वेळी उघडणे हीसुद्धा तडजोडच आहे, कारण मोकळ्या किनाऱ्यावर पिल्ले बहुधा रात्रीच बाहेर पडतात. तडजोड किती ताणायची हे ठरवणारा माणूस कोण, याला म्हणूनच महत्त्व. वेळासमध्ये तो माणूस गावातला आहे, त्याला कासव कळते आणि गर्दी नाराज झाली तर त्या दिवशी त्याच्या घरची चूल विझत नाही.

आता याच्या उलट चित्र. ३१ डिसेंबर २०२४ रोजी उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात ‘एफ-२’ या नावाने ओळखली जाणारी वाघीण आपल्या पाच बछड्यांसह रस्त्यावर होती आणि पुढून-मागून पर्यटकांच्या जिप्सी येऊन थांबल्या. तिला ना पुढे जाता येईना, ना मागे. त्याची चित्रफीत सगळीकडे फिरली, मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली, चालक आणि गाइड निलंबित झाले. कारवाई योग्यच होती. पण त्या गाडीत बसल्यासारखे जरा पाहा. चालक आणि गाइड जवळच्या गावातले. त्यांची मजुरी ठरलेली आणि तुटपुंजी, खरी कमाई वरच्या बक्षिसीवर. बक्षिसी वाघ दिसण्यावर. ‘साइटिंग झाली का?’ हा शब्द आता विदर्भातल्या गावागावांत मराठी झाला आहे. मागच्या आसनावर वर्षअखेरीची सुट्टी घेऊन आलेले, काही महिने आधी आरक्षण केलेले लोक. पुढची गाडी थांबलेली दिसते आहे आणि मागची हॉर्न देते आहे. अशा वेळी गाडी मागे घेणे म्हणजे आपल्या हाताने आपले ताट मागे सारणे. ज्याने ‘नाही’ म्हणायचे त्याचे पोटच ‘हो’वर बांधलेले, आणि ज्याच्या ‘हो’वर सगळे चालते तो पर्यटक निलंबनाच्या यादीत कुठेच नाही.

सर्वोच्च न्यायालयाने २०१२च्या जुलैमध्ये व्याघ्र प्रकल्पांच्या गाभा क्षेत्रातले पर्यटन तात्पुरते थांबवले आणि ऑक्टोबरमध्ये राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाची मार्गदर्शक तत्त्वे आल्यावर बंदी उठवली. गाड्यांची संख्या, अंतर, वेगमर्यादा, गाभ्याचा किती भाग पर्यटनाला द्यायचा, सगळे लिहिलेले आहे. ताडोब्यात फाटकावर मोबाइल जमा करावे लागतात, कारण एका गाडीला वाघ दिसला की फोनवरून बातमी फुटते आणि दहा गाड्या धुरळा उडवत तिकडे सुटतात. नियम चांगलेच आहेत. पण नियम कागदावर नकार देतो. जंगलातल्या वळणावर तो नकार उच्चारणारा माणूस तुम्ही विकत घेऊन ठेवला असेल तर कागद काय करील? ताडोबा ज्या जिल्ह्यात आहे त्या चंद्रपूरच्या बाबतीत याला आणखी एक बोचरी बाजू आहे. मे २०२५मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने तोडायला गेलेल्या तीन स्त्रियांना एकाच दिवशी वाघाने मारले. वाघ दिसावा म्हणून हजारो रुपये मोजणारा माणूस आणि वाघ दिसू नये म्हणून देवाचे नाव घेत रानात शिरणारी बाई एकाच जिल्ह्यात, एकाच उन्हाळ्यात, कधी एकाच सकाळी वावरत असतात. पहिल्याला ‘आज नाही दिसला’ म्हणून हळहळ वाटते. दुसरीला तसे म्हणता आले तो दिवस सुखाचा. वाघांची संख्या वाढली की पर्यटनाचा नफा आणि जंगलकाठचा धोका दोन्ही वाढतात, पण ते एकाच माणसाच्या खात्यात जमा होत नाहीत. त्या बाईला विचारून कोणते फाटक उघडले किंवा बंद केले गेले?

भंडारदऱ्याच्या काजव्यांची गोष्ट थोडक्यात सांगता येईल, कारण तिथे नकाराला जागाच उरलेली नाही. मेअखेरीस ते जूनच्या मध्यापर्यंत, पावसाच्या तोंडावर, घाटघर-रतनवाडी परिसरातली हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ अशी झाडे काजव्यांनी लखलखतात. काजवे चमकायला लागले की पाऊस जवळ आला, भाताच्या रोपांची तयारी करा, एवढाच त्या उजेडाचा इथल्या शेतकऱ्यासाठी अर्थ होता. काजव्यांसाठी तो उजेड म्हणजे नर-मादीची बोली आहे. नर एका ठेक्यात लुकलुकतो, मादी उत्तर देते. गाडीचा हेडलाइट त्या झाडावर पडला की बोलणे तुटते, आणि त्यांचे प्रौढ आयुष्यच मुळी काही आठवड्यांचे. वन विभाग वेळेची मर्यादा घालतो, टॉर्चला लाल कागद लावायला सांगतो. पण शनिवारी रात्री घाटरस्त्यावर गाड्यांची रांग लागली की त्या रांगेचा उजेड कोण झाकणार? अंधार बघायला आपण दिवे घेऊन जातो. त्याला वर ‘महोत्सव’ हे नाव.

कास पठाराचे प्रकरण मात्र सावकाश पाहायला हवे, कारण ते माझ्या मुद्द्याला अडचणीत आणणारे आहे. साताऱ्याच्या पश्चिमेला पंचवीसेक किलोमीटरवर, सुमारे बाराशे मीटर उंचीवर जांभ्याचा हा सडा. माती काही ठिकाणी जेमतेम बोटभर. त्या बोटभर मातीत आणि खडकातल्या डबक्यांत साडेआठशेहून अधिक सपुष्प वनस्पती नोंदल्या गेल्या आहेत. तेरडा, सोनकी, गेंद, कीटक खाऊन जगणारी सीतेची आसवे, सात वर्षांनी फुलणारी टोपली कारवी, आणि जगात जवळजवळ इथल्याच सड्यांवर सापडणारा वायतुरा, ज्याच्या शास्त्रीय नावातच सातारा आहे. जुलै २०१२मध्ये पश्चिम घाटातली ३९ ठिकाणे जागतिक वारसा यादीत गेली, त्यांत महाराष्ट्रातली चार, आणि चारांतले एक कास. त्याच्या आगेमागे गर्दी इतकी वाढली की लोक फुलांत लोळून फोटो काढू लागले. मग नकार आला. कास, एकीव, आटाळी, कासाणी अशा भोवतालच्या गावांच्या समित्या, दिवसाला तीन हजारांची मर्यादा, ऑनलाइन नोंदणी, प्रवेशशुल्क आणि पठाराभोवती तारेची जाळी. कागदावर हे सगळे मी मागतो आहे तसेच. गावाचा सहभाग आहे, मर्यादा आहे, दार बंद करायची सोयही आहे.

पण जाळीने माणसांबरोबर गुरेही अडवली. पिढ्यान्‌पिढ्या या सड्यावर भोवतालच्या वाड्यांची गुरे चरत होती. ती गवत खात, खुरांनी माती हलवत, शेण टाकत. गुरे थांबली तसे उंच गवत माजले आणि बुटकी फुले मागे हटू लागली, असे अभ्यासक आणि गावकरी दोघेही म्हणू लागले. अखेर जाळी हटवण्याची वेळ आली. याचा एक अर्थ असा निघतो की नकार फसला. मी तो अर्थ घेत नाही. इथे नकार चुकीच्या माणसाला दिला गेला, असे मी म्हणेन. शनिवारच्या पर्यटकाला आवरायचे होते, आणि जाळीच्या बाहेर राहिला तो एकीवचा गुराखी. पठार म्हणजे माणसाचा हात न लागलेली बाग, अशी समजूत त्यामागे होती. रामचंद्र गुहा यांनी १९८९ साली अमेरिकी पर्यावरणवादावर टीका करताना नेमके हेच बोट दाखवले होते. निर्मनुष्य रानाची कल्पना आपल्याकडे आणली की जंगल वाचवण्याच्या नावाखाली जंगलातला माणूस हुसकला जातो. नकाराचा अधिकार म्हणजे कुलूप नव्हे. कोण आत असायलाच हवे आणि कोण नसले तरी चालेल, हे ओळखण्याचा तो अधिकार आहे, आणि ते ओळखायला त्या जागेची वर्षभराची खबर लागते. फुलांच्या मोसमापुरते आलेल्याला, मग तो पर्यटक असो की अधिकारी, ती नसते.

आता आक्षेप. पहिला आणि सर्वात वजनदार आक्षेप असा, की मर्यादा घातली की जागा श्रीमंतांची होते. भूतानचे उदाहरण सगळे देतात. १९७४ साली परदेशी पर्यटकांना दार उघडले तेव्हापासून त्या देशाने थोडे आणि महाग पर्यटन हेच धोरण ठेवले. २०२२च्या सप्टेंबरमध्ये शाश्वत विकास शुल्क माणशी रोज २०० डॉलर केले, वर्षभरात ते १००वर आणावे लागले. भारतीयांना दिवसाला १,२०० रुपये. हाही नकारच आहे, पण खिशाला दिलेला. हिमालय बघण्याची लायकी पगारावर ठरावी, हे नीतीत बसवणे मला तरी अवघड जाते. मात्र नकार किमतीनेच द्यावा लागतो असे थोडेच आहे. धुळे-नाशिककडच्या पांझरा, मोसम या नद्यांवर कित्येक शतके फड पद्धतीने पाणी वाटले गेले. पाटकरी होता, जागल्या होता आणि पाळी होती. पाणी कमी पडले की पीक कोणते घ्यायचे आणि कुठला फड कोरडा ठेवायचा हे सगळे मिळून ठरवत. सामायिक साधनसंपत्तीचा विनाश अटळ आहे असे गॅरेट हार्डिनने १९६८ साली लिहिले. तसे काही नसते, लोक नियम करतात आणि पाळतात, हे जगभरच्या अशा उदाहरणांवरून दाखवून एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी २००९चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळवले. वेळासच्या टोपलीखाली वाळू निघते तेव्हा ती इनोव्हातून आलेल्याला आणि एसटीने आलेल्याला सारखीच निघते. पाळी आणि नशीब, दोन्ही गरिबाला पैशाइतके अन्यायकारक नसतात.

दुसरा आक्षेप व्यवहारी लोकांचा. स्थानिकांना अधिकार द्या, ते उद्या ‘हो’च म्हणतील. जमिनी कोण विकते, गुंठेवारी कोण करते, रिसॉर्टला रस्ता कोण देते? गावकरीच ना? आक्षेप खरा आहे, आणि गावाविषयी गोग्गोड बोलून तो उडवून लावता येणार नाही. पण ‘नाही’ म्हणायला पोटात काही असावे लागते, आणि ते पर्यटनातून आलेले नसले तर उत्तम. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ साली सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला, तो देशातल्या पहिल्यांपैकी. बांबू केव्हा आणि किती तोडायचा हे तिथे ग्रामसभा सर्वसहमतीने ठरवते. हक्काचा कागद आणि बांबूचे उत्पन्न हातात असलेले गाव बाहेरून आलेल्या ठेकेदाराशी ज्या सुरात बोलते, तो सूर जिप्सीच्या चालकाला कुठून यावा? वेळासला मोसम दोन-अडीच महिन्यांचा. बाकी वर्ष आंबा, काजू, सुपारी, भातावर. म्हणून एखादी रिकामी संध्याकाळ सोसते. ३ जून २०२०ला निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धनपासून मंडणगड-दापोलीपर्यंतच्या बागा आडव्या केल्या. नव्या माडाला आणि सुपारीला धरायला वर्षे लागतात. अशा वर्षांत पाहुण्यांवरचा भार वाढतो आणि नकाराची ताकद तेवढी कमी होते. तेव्हा निसर्ग पर्यटन वाचवायचे तर त्याच्याबाहेर पैसा घालावा लागेल. कलमांच्या विम्यात, भाताच्या भावात, वनहक्काच्या रखडलेल्या दाव्यांत. पर्यटन विभागाच्या अर्थसंकल्पात हे बसत नाही, हे मला कळते.

तिसरा आक्षेप तात्त्विक आणि मला आवडणारा. कासव स्थानिक कुठे आहे? ओडिशाच्या किनाऱ्यावर २०२१ साली खूणपट्टी लावलेली एक मादी जानेवारी २०२५मध्ये गुहागरला अंडी घालताना सापडली. अख्ख्या द्वीपकल्पाला वळसा घालून आलेल्या जिवावर गुहागरकरांचा हक्क कसला, आणि ओडिशावाल्यांचाही कसला? बरोबर आहे, मालकीचा काहीच नाही. पण विश्वस्ताचा असू शकतो. आपल्या कायद्यात देवाची मूर्ती ही विधिमान्य व्यक्ती आहे, आणि स्वतः बोलू न शकणारी म्हणून तिला अज्ञानासारखे मानतात. तिच्या वतीने दुसरे कुणीतरी बोलते, पण मालमत्ता देवाचीच. न्यूझीलंडने २०१७ साली व्हांगानुई नदीला कायद्याने व्यक्ती ठरवले आणि तिच्या वतीने बोलायला दोन माणसे नेमली, तेव्हा जगाला नवल वाटले. सह्याद्रीतल्या देवराया ते काम कायद्यावाचून करत होत्या. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी सत्तरच्या दशकात त्यांचा अभ्यास केला. वाळलेली काटकीही उचलायची नाही, कारण ती देवाची. (त्याच देवराईत कोणी पाऊल टाकायचे आणि कोणी नाही हे कित्येक ठिकाणी जातीवरून आणि बाईपणावरून ठरत होते, हेही सांगायला हवे. नकाराची प्रत्येक परंपरा न्याय्य होती असे मुळीच नाही. आणि आता तर देवाला सिमेंटचा सभामंडप देण्यासाठी देवराईच तोडली जाते.) विश्वस्ताने मालक व्हायचे नसते, एवढी अट पाळली तर स्थानिकांच्या हाती नकार देण्यात मला विसंगती दिसत नाही. थायलंडची माया बे ही जगप्रसिद्ध खाडी २०१८च्या जूनमध्ये बंद केली आणि २०२२च्या जानेवारीत उघडली. मधल्या काळात प्रवाळ पुन्हा लावले गेले, आणि आता बोटींना खाडीत शिरता येत नाही. तो नकार सरकारने दिला, तोही खाडी ओरबाडून झाल्यावर. उशिराचा नकार फार महाग पडतो.

शेवटचा आक्षेप पर्यटकाच्या बाजूने. माणसाने पाहिलेच नाही तर त्याला जिव्हाळा कसा वाटेल? शहरातल्या मुलाला कासव दाखवले नाही तर उद्या त्याच्या बाजूने मत कोण देणार? यात तथ्य आहे, वेळासच त्याचा पुरावा आहे. पण न दिसता परतणे आपल्या लोकांना अजिबात जमत नाही, हे मला पटत नाही. आषाढीला पंढरपुरात लाखोंनी माणसे जातात. दर्शनबारीत तासन्‌तास उभे राहणे ज्यांना झेपत नाही ते चंद्रभागेत पाय बुडवतात, नामदेव पायरीला हात लावतात, कळसाला हात जोडतात आणि गावी परततात. गावात कुणी त्यांना ‘मग तुझी वारी फुकट गेली’ म्हणत नाही. दर्शन हा शब्द आपल्याकडे ‘साइटिंग’चा भाषांतरित भाऊ नाही. त्यात समोरच्याने दिसायचे की नाही हे त्याच्यावर सोपवलेले असते. हीच वारी करणारा माणूस शनिवारी सफारीच्या गाडीत बसला की त्याला तिकिटाचा मोबदला हवा होतो, तो तिकिटामुळे. तिकिटावर काय विकले जाते आहे ते बदलता येईल. जंगलात तीन तास असण्याचे पैसे घ्यावेत, वाघाचे नकोत. चालकाला भरपूर आणि ठरलेली मजुरी द्यावी आणि बक्षिसी फाटकावरच्या सामायिक पेटीत जावी, म्हणजे वाघ दिसला काय अन्‌ न दिसला काय, त्याच्या घरची भाकरी तीच राहील. नोंदणीच्या वेळीच ठळक अक्षरांत सांगावे की दिसेलच असे नाही. हे काही क्रांतिकारक नाही. वेळासला हे रोज दोनदा घडते.

तिथल्या महोत्सवात एक गोष्ट दाखवतच नाहीत. पिल्ले दिसली तर दिसतात, पण त्यांची आई नाही. मादी येते रात्री, नोव्हेंबर-डिसेंबरपासून पुढे, पाहुण्यांचा मोसम सुरू व्हायच्या कितीतरी आधी. वाळू उकरते, शंभर-सव्वाशे अंडी घालते, वाळू सारखी करते आणि उजाडायच्या आत समुद्रात जाते. तिच्यावर उजेड पडला तर ती अंडी न घालताच फिरते. पहाटे, भरतीच्या पाण्याने माग पुसायच्या आत, कासवमित्र काठी घेऊन किनारा चालू लागतो. ओल्या वाळूवर ट्रॅक्टरचे चाक गेल्यासारखा एक माग वर आलेला असतो, शेजारून दुसरा खाली गेलेला. तो जिथे वळला आहे तिथे कासवमित्र काठी हलकेच खुपसून बघतो, कुठे भुसभुशीत लागते. लागले की गुडघ्यावर बसून हाताने वाळू सारायला लागतो आणि मोजायला सुरुवात करतो.